गंध लावलेला कीबोर्ड
कनकाबाईला गुम्मिडिपूंडीला जायचं नव्हतं, म्हणजे नव्हतं! चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या नट-बोल्टच्या कंपनीत अकरा वर्षं मालाचा हिशेब तीच बघत होती. १९९६ साली तो सगळा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर गेला आणि मॅनेजर राममूर्तींनी सांगून टाकलं, "दिवाळीनंतर तुम्ही तिकडेच बसा." जाऊन-येऊन पाच तास! घरी नवरा, वेंकोबा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. दुपारी ऑफिसातून दहा मिनिटं चालत येऊन त्याला दोन घास भरवायला तिच्याशिवाय होतं कोण? तंजावरचे नातेवाईक सणाला पत्र पाठवत, झालं!

पण बाई रडत बसणाऱ्यांतली नव्हे. टेलिफोनच्या तारेवरून तिथला पडदा इथं दिसतो, इथून तिथलं काम करता येतं, हे तिनं कॉम्प्युटरवाल्याकडून ऐकलं होतं. शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून तिनं तीन रविवार कारखान्यात घालवले, कॉम्प्युटर टेलिफोनला जोडणारा मोडेम दोन्हीकडे बसवून घेतला आणि सगळं शिकली.

तिनं इथूनच काम करू देण्याविषयी विचारलं, तेव्हा राममूर्ती म्हणाले, "आयुधपूजेच्या दिवशी, दुपारी एकच्या आत तिथली मालाची यादी इथं छापून दाखवा. नाही जमलं तर बदली."

त्या दिवशी साडेबाराला तिनं फोन जोडला. मोडेम किंचाळला, गुम्मिडिपूंडीचा पडदा समोर आला. यादी उघडते न उघडते तोच सगळं गेलं! पुन्हा फोन लावला, तर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा, गुरुमूर्तीचा आवाज.

"मीच भिंतीवरच्या बटणानं बंद केलं, अम्मा! आमची पूजा सकाळीच झाली. यंत्रं विश्रांतीला बसली, आणि हे आपोआप चालायला लागलं! खुर्चीत कुणी नाही आणि अक्षरं पळतायत!"

पूजा झालेल्या हत्याराला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही, हे कनकाबाईच्या घरीही कडक. गुरुमूर्तीवर चिडायचं तरी कोणत्या तोंडानं? राममूर्ती शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. मेला तो काटाही आजच पळत होता.

"अहो, मी चालवत होते ते."

"तुम्ही तर चेन्नईत!"

"हो ना. माझा हात माझ्या कॉम्प्युटरवर. इथली पूजा चारला आहे. तुम्ही कीबोर्डला गंध लावलंय?"

"एकेका बटणाला, माझ्या हातानं."

"मग एक तरी ठिपका पुसला गेलाय का, बघा."

रिसीव्हर बाजूला ठेवून तो एकेक बटण बघून आला.

"नाही, अम्मा. एकही नाही."

"म्हणजे त्याला कुणी शिवलेलं नाही. भिंतीवरचं बटण तेवढं दाबा, फोन ठेवा आणि लांब बसून बघा. पडदा हलला की समजा, कनका आली."

मोडेम पुन्हा किंचाळला. यादी उघडली, प्रिंटर खडखडला. एकला तीन मिनिटं कमी असताना तिनं कागद राममूर्तींच्या हातात ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"तुमची खुर्ची इथंच," ते म्हणाले.

ती जवळजवळ धावतच घरी गेली. वेंकोबा दाराकडे डोळे लावून पडला होता. त्याच्या वाकड्या ओठांतून मोठ्या कष्टानं एकच शब्द निघाला, "जाणार?"

"नाही हो," ती सांबारभात कालवत म्हणाली. "रोज एक वाजता इथंच आहे मी."

त्यानं घासासाठी तोंड उघडलं, आणि तेव्हा कुठे कनकाबाईला रडू फुटलं.