सुतकातलं रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगची यादी उघडायला बटण दाबलं तर पडदा काळा. परत दाबलं, परत काळा. वळसंगच्या त्या घरात मी रिमोट धरून उभा आणि मागे कॉटवर नीलम्मा आजी. वाकून टीव्हीच्या मागे पाहिलं. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून रबर लावून ठेवलेली. माझं डोकंच सणकलं.

मी सोलापुरात डीटीएचचं काम करतो. म्हणजे छत्री बसवायची, बॉक्स जोडायचा आणि चित्र अडकलं की लोकांच्या शिव्या खायच्या. आजींच्या घरचा बॉक्स रेकॉर्डरवाला आहे. त्याच्या पोटात कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क असते. टायमर लावून ठेवला की टीव्ही बंद असला तरी बॉक्स आपला कार्यक्रम उतरवून घेतो. फक्त त्याला लाइट पाहिजे. अट म्हणून एवढी एकच.

आजींचे यजमान अप्पा वारले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. जुनं गिऱ्हाईक, लई जीव लावायचे. निघताना आजींनी मला आत बोलावून घेतलं. एक कानडी मालिका दोघं रोज रात्री मिळून बघायचे, कित्येक वर्षं. ती आता संपत आली होती आणि शेवटचे भाग नेमके सुतकात येणार होते. सुतकात टीव्ही कोण लावतं? नवरा गेला अन् हिला मालिका सुचतीय, असं भावकी म्हणाली असती.

"टीव्ही लावायचा न्हाय रे," त्या हळूच म्हणाल्या. "पण भरून ठेवता येतंय का? आन् कुणाला सांगू नको."

मी टायमर लावून दिला. कुणाला सांगितलं नाही. सुतक फिटल्यावर बघायला गेलो, तर हे असं.

सून गौरी चहा घेऊन आली. प्लग कुणी काढला म्हणून मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तिनं सरळ सांगितलं, तुम्ही भेटून गेलात त्याच दिवशी मीच काढला. दिवसभर माणसं भेटायला यायची, बॉक्सचा लाल दिवा सगळ्यांना दिसायचा. टीव्ही चालू ठेवलाय म्हणाले असते की. बिचारीनं घराची अब्रू राखली होती. तिला काय बोलणार? आजींना शब्द दिला होता, त्यामुळे मी का आलोय हेही सांगता येईना. शेवटी आजींनीच तोंड उघडलं आणि सुनेला सगळं सांगून टाकलं. गौरीचा चेहरा एवढासा झाला. "मला आधी बोलायचं की, अत्ती," एवढंच ती म्हणाली. सासूला ती कानडीतनं अत्तीच म्हणते.

चॅनलनं इंटरनेटवर नुसते तुकडे टाकले होते. राहता राहिला क्लाउड. क्लाउड म्हणजे आकाशात काही नसतं. कंपनीच्या कुठल्यातरी गावच्या खोल्यांमध्ये कॉम्प्युटर असतात, कार्यक्रम तिथं साठवलेले असतात, आपण मोबाईलवर मागवून बघायचे. तिथं कुणी प्लग काढत नाही. पण माल कंपनीच्या ताब्यात. आमची कंपनी आठवडाभर ठेवते आणि मग पुसून टाकते. मी तारीख बघितली. आधीचे भाग गेलेच होते. शेवटचा भाग त्या रात्री जाणार होता.

आता ॲप उघडायचं तर ओटीपी अप्पांच्या नंबरवर. आणि ते सिम आजींच्या मुलानं नुकतंच बंद केलं होतं. मालक गेला की त्याचा बॉक्स घरात राहतो, खातं मात्र त्याच्याबरोबरच जातं. हे मी एरवी गिऱ्हाइकांना सांगत नाही. त्या दिवशी मलाच ते फार लागलं.

मी ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, डेमोचं लॉगिन पाहिजे होतं."

"ते शोरूमला दाखवायला आहे. गिऱ्हाइकाला देता येत नाही."

"देत नाही. माझ्याच फोनवर दाखवणार आहे. दाखवायलाच आहे ना ते?"

साहेब हसले. मग म्हणाले, "एक भाग दाखव आणि लॉगआउट कर."

वळसंगला त्या घरात रेंज म्हणजे नशिबाची गोष्ट. खिडकीतल्या तांब्याला मोबाईल टेकवला तेव्हा कुठं चित्र हललं. आजी सरकून पुढे बसल्या. गौरी आधी दारात उभी होती, मग तीही येऊन शेजारी बसली. मध्येच चित्र थांबून गोल चक्र फिरायला लागलं की मी तांब्या जरा सरकवायचो. शेवट काही विशेष नव्हता. हरवलेला भाऊ आला, सगळे रडले, जेवायला बसले.

संपल्यावर आजी तशाच बसून राहिल्या. मी फोन उचलू की नको, मला कळेना.

"ह्यांना निम्म्यातच झोप लागायची," त्या म्हणाल्या. "फुडं काय झालं ते सकाळी चहाला मी सांगायची. रोज. आता कुणाला सांगू?"

मी तांब्याला टेकवलेला फोन उचलून हातात घेतला.

"मला सांगा की," गौरी म्हणाली.

तिनं आत्ताच शेजारी बसून अख्खा भाग बघितला होता. आजींनी तिच्याकडे बघितलं. मग पदर सावरला आणि कानडीत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मला कानडी मोडकीतोडकीच कळते, पण आजींचं सांगणं त्या भागापेक्षा बरं होतं. मी लॉगआउट केलं आणि चपला घातल्या.

रेकॉर्डिंग घरच्या बॉक्सात ठेवू का क्लाउडवर, असं गिऱ्हाईक अजून विचारतं. दोन्हीतलं बरंवाईट मी सांगतो. पण त्याआधी एक विचारतो, काय भरून ठेवताय ते घरात सांगितलंय का?