डी ड्राइव्ह रिकामा करावा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोथरूडमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळत होतो. सगळ्यांना मिळून सर्व्हर एकच. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम होता. त्याच्या डी ड्राइव्हवर मात्र जो तो लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून काहीही आणून ठेवायचा. मला त्याची चीड यायची.

डेटाबेसचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं तेव्हा जागा पुरेना. मी ड्राइव्ह कोरा करायचं ठरवून दारावर पाटी लावली: 'आपापल्या फाइल शनिवारपर्यंत हलवाव्यात. नंतर कुरकुर ऐकली जाणार नाही.' पाटीचा मला भारी अभिमान वाटला होता. आज लिहितानाही लाज वाटते.

स्टोअरमध्ये एक वयस्कर गृहस्थ होते. पंपांच्या सुट्या भागांची सगळी माहिती त्यांनी वर्षानुवर्षं कार्डांवर लिहून ठेवली होती. त्या सुमारास कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची यादी तयार होत होती; तिच्यात स्वेच्छा कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "कार्डं कॉम्प्युटरवर चढवा, यादीतून तुमचं नाव काढतो." सहा महिने ते जेवणाच्या सुट्टीतही दोन बोटांनी टाइप करत राहिले. काम संपल्यावर कार्डं रद्दीत घातली. "आता कशाला हवाय तो पसारा?" असं मलाच हसून म्हणाले होते.

शुक्रवारी ते दाराशी आले. "अहो, फाइल हलवायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

हातातल्या मॅन्युअलमधून डोकं वर न काढता मी म्हणालो, "पाटी मराठीतच आहे."

"बरं," म्हणून ते गेले. दुसऱ्या कुणाला तरी विचारतील, असं मी धरून चाललो. त्यांनी विचारलं नाही.

रविवारी ड्राइव्ह फॉरमॅट केला. इन्स्टॉलेशन तीनदा अडकलं, चौथ्यांदा डेटाबेस सुरू झाला. सोमवारी मी पेढे वाटले. डेटाबेसमध्ये सगळ्यात आधी भरायची होती ती सुट्या भागांची यादी. ती मागायला त्यांच्या टेबलाशी गेलो तेव्हा त्यांनी डी ड्राइव्ह उघडून दाखवला. बॅकअपच्या टेपवर मी तो ड्राइव्ह कधी घेतलाच नव्हता.

साहेबांनी मला सर्व्हरच्या खोलीत गाठलं. "त्यांनी तुला आधी विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो आणि दाराकडे माझी नजर गेली. ते उंबऱ्याबाहेर उभे होते. एक चप्पल काढून झाली होती. त्यांनी नुसतं 'विचारलं होतं' म्हटलं असतं तरी मी खोटा पडलो असतो. ते चप्पल पुन्हा पायात सरकवून परत फिरले.

महिनाअखेरीस त्यांना निरोप दिला. हार घालायला साहेबांनी मला पुढे केलं. त्यांनी मान वाकवून तो घालून घेतला.