वाकवलेली मूठ

संग्रहालयाच्या शस्त्रविभागात तेहेतीस वर्षे बंदुका पुसून जपणाऱ्या कारागिराला सगळे मामा म्हणत. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि अंगातले त्राण तेवढे तरी पुरेल की नाही, याची त्यांना शंका होती. गुडघे कुरकुरत, बोटांत तेलाचा वास कायमचा मुरलेला.

दालनातली तीन कपाटे ते पाहुण्यांना क्रमाने दाखवत. पहिल्यात ठासणीची बंदूक: सैनिकाने उभे राहून नळीच्या तोंडातून दारू ठासायची आणि तोवर शत्रूपुढे छाती काढून राहायचे. दुसरीत काडतूस मागून भरायचे, त्यामुळे त्याला पडल्या पडल्या गोळी झाडता आली. तिसरीला बोल्ट: मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलला की पेटीतले नवे आत. “मारायचं तेच, फक्त मारणाऱ्याचे कष्ट वाचवले,” मामा सांगत. “पुसणाऱ्याचा विचार कुणीच केला नाही.”

या तिसऱ्या बंदुकीच्या संशोधनात विभागप्रमुख बाई सहा वर्षे झिजत होत्या. तिच्या बोल्टची मूठ खाली वाकलेली होती. त्या काळी मूठ सरळ, आडवी बाहेर आलेली असे. घोडेस्वारांना अडू नये म्हणून ती नंतरच्या काळात खाली वाकवली गेली. म्हणजे ही बंदूक त्या बदलाचा पहिला प्रयोग, असा बाईंचा निष्कर्ष. त्यावरचे त्यांचे पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जाणार होते. एक कच्ची प्रत त्यांनी मामांनाही दिली. आभारांत मामांचे नाव होते.

त्या संध्याकाळी घरी मामांच्या बायकोने ते पान दोनदा वाचले.

“अहो, मग असं तोंड पाडून का बसलात?”

“ती मूठ मी वाकवलीय.”

भाजी निवडणारा तिचा हात थांबला. “कशाला?”

“नोकरीला लागलो त्या वर्षी. कपाटाचं दार लागेना, मूठ आड यायची. तापवली आणि चार ठोके दिले.”

“अहो, कपाट नाही का बदलायचं?”

“कपाटाला मंजुरी लागते.”

तिला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. “अकरा दिवस राहिलेत. गप्प बसा. निरोपाची भाषणं ऐका आणि ताठ मानेनं घरी या.”

सकाळी मामा बाईंच्या दारात उभे राहिले आणि एका दमात सगळे बोलून मोकळे झाले.

“मामा, आज थट्टा नको हं.”

मामांनी कपाट उघडले, मुठीची आतली बाजू टर्पेंटाइनने पुसली. तेव्हा त्यांनीच भरलेले काळे मेण निघाले. खाली हातोडीचे चार ठसे.

बाई कितीतरी वेळ त्यांवर बोट फिरवत राहिल्या. “सहा वर्षांत एकदा तरी बोलायचंत.”

“तुम्ही बंदूक मोजत-मापत होतात, बाई. कशासाठी मोजता, हे विचारायची इथं आम्हाला पद्धत नाही.”

बाईंनी छापखान्याला फोन करून काम थांबवले. आवाज चढला नाही; फक्त फोन ठेवायला वेळ लागला.

“आणखी कशाकशाला हात लावलाय?”

मामांनी दालनभर नजर फिरवली. तेहेतीस वर्षांत बसवलेला एकेक स्क्रू, बदललेला एकेक दस्ता त्यांना आठवू लागला.

“जरा बसू का?” त्यांनी विचारले.

बाईंनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि उभ्यानेच वही उघडली.