वॉकमनला बसवलेली चाकी

कुवेतमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा जुल्फिकार तिथल्या एका दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त करत होता. अम्मानमार्गे तो महाडला परत आला, तो एक बॅग घेऊन. तिच्यात दुरुस्तीची हत्यारं होती आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये गाणं नव्हतं, अर्धा तास चालणारी एकसुरी शिट्टी होती. मशीन बरोबर असेल तर शिट्टी घड्याळावर अर्ध्या तासात संपायची. संपली नाही, तर मशीन चुकीचं.

"लोकं टीव्ही घेऊन आली," त्याची बायको परवीन म्हणाली होती, "आणि तुम्ही शिट्टी घेऊन आलात."

बाजारात बांगड्यांच्या दुकानाला चिकटून त्याने साडेचार फुटांची जागा भाड्याने घेतली. सहा वर्षांत त्याची ख्याती झाली ती एकाच गोष्टीसाठी. त्याच्याकडून गेलेला टेप ना धावायचा, ना रेंगाळायचा.

शहाण्णवच्या मे महिन्यात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला भरत त्याच्याकडे वॉकमन घेऊन आला. भरत चौदाव्या वर्षापासून मुंबईत, आता एका छापखान्यात कामाला. त्याचे वडील येसाजी हे गणपतीतल्या जाखडी नाचाचे शाहीर. मधे गाणारे बसतात, भोवती पायांत चाळ बांधलेली पोरं फेर धरतात, आणि दोन गावांचे फड एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात. त्या सामन्याला बारी म्हणतात. येसाजींना लिहिता येत नव्हतं. त्यांची चौदा गाणी एक्क्याऐंशी साली कॅसेटवर भरली होती, तेवढीच काय ती नोंद. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यंदाच्या बारीला भरतने उभं राहायचं होतं, नाहीतर फड मोडायचा होता.

"कामावर जाता-येता ऐकतो, भाय. पण बाबा असले भरभर म्हणतात की शब्द हाती लागत नाय. हा सावकाश चालंल असं काय करता येईल?"

"चांगलं मशीन बिघडवून मागणारा तू पहिलाच," जुल्फिकार म्हणाला. पण त्याने वॉकमन ठेवून घेतला.

वॉकमनच्या आत वेग ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. कंपनी तो एकदा लावते आणि झाकण बंद करते. जुल्फिकारने तो काढून त्या जागी खिशात मावणाऱ्या एका मोडक्या रेडिओची आवाजाची चाकी जोडली आणि झाकणाला खाच पाडून ती बाहेर काढली. चाकी खाली फिरवली की गाणं संथ, वर फिरवली की जलद. पहिल्या दिवशी ती खिशात आपोआप फिरली. मग त्याने टूथब्रशच्या दांड्याचे दोन तुकडे तापवून तिच्या दोन्ही बाजूंना कुंपणासारखे चिकटवले. शेवटी शिट्टी लावली, घड्याळ समोर ठेवलं आणि बरोबर वेगावर लाल रंगाचा ठिपका दिला.

"खाली आणून शब्द पाठ कर. मग हळूहळू ठिपक्यावर ये. ठिपका म्हणजे तुझे बाबा."

भरतने उन्हाळा-पावसाळा तसंच केलं. गणपतीला चार दिवस उरले असताना तो पुन्हा दुकानात उभा राहिला, थेट वाडीतून.

"भाय, ठिपक्यावर पोरं नाचू शकत नाय. पाय अडकतात."

"पोरांना नाचता येत नसेल."

"मलापण दम पुरत नाय. आई म्हणते, ह्यो तुझा बा नव्हंच."

जुल्फिकारला राग आला. ठिपका चुकला, असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्याने शिट्टीची कॅसेट खिशात टाकली, दुकानाला कुलूप लावलं आणि भरतबरोबर पोलादपूरची एसटी पकडली. पुढे तास-दीड तासाची चढण होती.

येसाजी ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. जुल्फिकारने वॉकमनला छोटा स्पीकर जोडून आधी शिट्टी ऐकवली. वाडीतली माणसं गोळा झाली. ठकूबाई, म्हणजे भरतची आई, दाराशी उभी राहून म्हणाली, "मिस्तरी, कुकर आणलाव काय?"

पोरं हसली. शिट्टी अर्ध्या तासात संपली. जुल्फिकारने घड्याळ सगळ्यांना दाखवलं. मग त्याने येसाजींची कॅसेट लावली, चाकी ठिपक्यावर.

पातळ, धावता आवाज अंगणात पसरला. "उमेदीतला आवाज हाय," कुणीतरी म्हणालं. आजवर सगळे तेच म्हणत आले होते. येसाजींनी डावा हात पुढे केला. भरतने वॉकमन त्यांच्या मांडीवर ठेवला. अंगठ्याने त्यांनी चाकी खाली ओढली, ठिपक्याच्या बरीच खाली. आवाज जाड झाला, गाणं जमिनीवर आलं. त्यांनी हात मांडीवर आपटून ताल धरला.

"मावशी, ही कॅसेट भरली कशी?" जुल्फिकारने विचारलं.

"कशी म्हंजे? आमच्या भावाचा टेप व्हता. तवा वाडीत लाईट कुठं? सेल मेले की मी चुलीच्या कडंला गरम करायची, की पुन्यांदा दोन गानी चालायचा."

जुल्फिकारने चाकी एकदा ठिपक्यावर नेली आणि पुन्हा खाली आणली. मग त्याने भरतला समजावलं. मरायला टेकलेल्या सेलवर टेप रेंगाळत चालला होता. रेंगाळणाऱ्या टेपवर भरलेलं गाणं नीट मशीनवर लावलं की धावतं, आवाजही पातळ होतो. वर्षातून चार दिवस घरी येणाऱ्या भरतच्या कानात बापाचा आवाज म्हणून तोच बसला होता.

"म्हंजे तुमचा ठिपका चुकला?"

"माझा ठिपका बरोबर आहे," जुल्फिकार म्हणाला. "तुझ्या कॅसेटला तो लागू नाही."

"मी वैशाखापासून सांगते," ठकूबाई म्हणाली. "पन बाईचं ऐकंल कोन!"

आणखी एक अडचण होती. सेल गाण्यागणिक उतरत गेले होते, म्हणून प्रत्येक गाण्याचा वेग निराळा. ते फक्त येसाजी सांगू शकत होते. जुल्फिकारने ब्लेडने लाल ठिपका खरवडून काढला. येसाजी अंगठ्याने चाकी फिरवत, ताल जुळला की हात थांबवत, आणि जुल्फिकार तिथे सुईने रेघ मारून गाण्याचा आकडा कोरत होता. एका गाण्याला चाळीस मिनिटं लागली, कारण येसाजींचं मत मधेच बदलायचं. शेवटची एसटी गाठायची होती, तोवर तीन गाणी झाली.

भरत बारीला ती तीनच गाणी घेऊन उभा राहिला. समोरच्या फडाकडे अकरा होती. चौथा सवाल आला तेव्हा याच्याकडे जवाब नव्हता. बारी हातची गेली, पण फड मोडला नाही.

मुंबईला परतताना तो दुकानात आला. वॉकमन जवळ नव्हता.

"बाबांपाशी ठेवला. राहिलेल्या खुणा तुम्हाला जमतील का?"

"शुक्रवारी दुकान बंद असतं," जुल्फिकार म्हणाला.

दिवाळी सरली, थंडी पडली, तरी नमाजानंतर तो बहुतेक शुक्रवारी वर जात राहिला. परवीन विचारायची, "आज किती?" तो म्हणायचा, "अर्धं."

येसाजी माघात गेले. तोवर नऊ रेघा झाल्या होत्या. उरलेली पाच गाणी भरत अंदाजाने म्हणतो, आणि दर गणपतीत त्यांच्या चालीवरून वाडीत भांडण होतं.