टाकीच्या नटावरची पावडर

बाबा रिटायर झाले त्या आठवड्यात त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक ऑस्कर मासा घरी आणला. तेव्हा तो बोटाएवढा होता. आता बाबा नाहीत आणि मासा वीतभर लांब झालाय. अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आई, मी आणि तो, असे तिघं राहतो. आई माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलते.

भाऊ बदलापूरला असतो. बाबा गेल्यापासून त्याचं एकच चाललंय, आईने आपल्याकडे राहायला यावं. त्याला आईची काळजी आहेच, पण त्याची मुलं शाळेतून येतात तेव्हा घरात कोणी नसतं, हेही मला दिसतं. आई त्याला नाही म्हणत नाही. ती फक्त विचारते, "अरे, टाकी कशी हलवू?" तीन फुटी काचेची टाकी आणि आतला तो दांडगा मासा. भाऊ विषय बदलतो. टाकी आहे तोवर आई स्वतःच्या घरात आहे, हे आई, भाऊ आणि मी, तिघांनाही ठाऊक होतं.

पाणी बदलताना आई मगाने उपसायची, आणि थोडं सांडायचंच. एक दिवस खालच्या काकू छताला ओल आल्याचं सांगायला वर आल्या. पाठोपाठ सोसायटीचा निरोप आला की पुन्हा पाणी झिरपलं तर टाकी काढावी लागेल. मी खाली जाऊन ओल बघून आले. ती आमच्या बाथरूमखाली होती, टाकीखाली नव्हे. तसं काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "पाणी काय गं, कुठून पण फिरून येतं." त्याच संध्याकाळी भावाचा फोन, "काय गं ताई, टाकी गळते म्हणे?" ह्याला कोणी सांगितलं? काकूंकडे त्याचा नंबर कशाला? तेव्हापासून काकू आमच्याकडे चहाला कधी येतात आणि कधी जातात, यावर मी नजर ठेवायला लागले.

मी एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. दुसऱ्याने ओके म्हटलेल्या मालावर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. तेव्हा मगाचा कारभार बंद करून टाकीच्या बाजूच्या काचेला, तळापासून वीतभर वर, भोक पाडायचं, तिथे टँक निपल, म्हणजे एका टोकाला चकती असलेली आट्यांची प्लास्टिकची नळी, बसवून पाईप बाल्कनीच्या मोरीत सोडायचा, असं मी ठरवलं. कॉक फिरवला की पाणी उतरेल, सांडणार नाही.

सामानाला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. "मॅडम, ओरिजनल आहे. डुप्लिकेट मी ठेवतच नाय," दुकानदार म्हणाला. मी विचारलंच नव्हतं! म्हणून मग मी निपलचे आटे नखाने तपासले, रबरी वायसर वाकवून पाहिला, नाकाला लावला. "सूंघ के क्या मिलेगा मॅडम?" तो हसला. त्याच्या हसण्यावरून मी एकाच्या जागी दोन निपल घेतले. एक दगा देणारच.

सुट्टीच्या दिवशी मासा टबात काढून टाकी रिकामी केली, आणि काचवाला घरी येऊन भोक पाडून गेला. फिटिंग मी केलं. निपलची चकती आतून, चकती आणि काच यांच्यामध्ये वायसर, बाहेरून नट. काचेवरचं प्लास्टिक हातानेच आवळायचं, पाना लावायचा नाही, एवढं मला कळतं. पाणी भरलं. थेंबही गळला नाही, आणि मला त्याचाच संशय आला.

कंपनीत सांध्यावर आम्ही पांढरी पूड मारतो, ओल फुटली की तिथे लगेच डाग दिसतो. घरी मी आईची अंगाला लावायची पावडर नटाभोवती भुरभुरवली. रोज सकाळी बघावं तर पावडर कोरडी. तरीही ड्युटीवर निघण्याआधी मी नट हाताने किंचित आवळायचे आणि वर नवी पावडर भुरभुरवायचे. आज कोरडं आहे, पण दुपारचं काय? आई पलीकडे ओट्यापाशी असायची. ती माझ्याकडे बघते आहे हे मला कधी जाणवलं नाही.

मग एका संध्याकाळी पावडरीवर बोटं उमटलेली दिसली. नीट बघितलं तर नटाच्या कडाही खरवडलेल्या होत्या. म्हणजे कोणीतरी पाना लावला होता. माझ्या डोळ्यांसमोर काकूच आल्या. दुपारी चहाला येतात, आई आत चहा टाकते, तेवढ्या वेळात नट सैल करायला कितीसा वेळ लागतो? टाकी गळली की यांची तक्रार खरी. मी आईला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि रिक्षाने दुपारीच घरी आले. दाराबाहेर काकूंच्या चपला नव्हत्या. मी आवाज न करता किल्लीने लॅच उघडलं.

आई टाकीपाशी गुडघ्यावर बसली होती. बाबांचा पाना तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि सगळा जोर लावून ती नट आवळत होती.

"आई!"

माझी हाक आणि कट्‌ असा आवाज एकदमच आला. निपल तडकलं आणि काचेवरून पाण्याची धार सुरू झाली.

मग काय विचारता! मी भोकावर तळहात दाबून धरला, आईने चादरी, टॉवेल, बाबांच्या लुंग्या, हाताला येईल ते जमिनीवर टाकलं. बादल्यांनी उपसून पाणी भोकाच्या खाली आणलं तेव्हा कुठे धार थांबली. मासा उरलेल्या वीतभर पाण्यात कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. खालून कोणाची हाक आली नाही. वाचलो.

"पाना कशाला लावलास?" मी ओरडलेच. "गळत होतं का?"

आई लुंगी पिळत राहिली. "तू रोज सकाळी तिथं हात घालतेस. मी बघते ना. मला वाटलं, सैल करून जातेस."

"मी? मी कशाला सैल करू?"

"गळली की टाकी जाणार. टाकी गेली की मला बदलापूरला धाडायला तू मोकळी."

मला फार लागलं ते. आधी राग आला, मग रडू आलं. मी दुकानदारावर, काकूंवर, भावावर संशय घेत फिरत होते आणि माझ्याच घरात माझी आई रोज दुपारी माझ्या हाताचं काम तपासून बघत होती. भावाला ओलीचं कोणी सांगितलं ते मात्र अजून कळलेलं नाही. माझा संशय काकूंवरच आहे.

दुसरं निपल होतंच. हे काम खरं तर दोघांचं. आतली चकती एकाने घट्ट धरायची, बाहेरचा नट दुसऱ्याने फिरवायचा. आईने कोपरापर्यंत हात टाकीत घातला. मासा तिच्या बोटांपाशी येऊन थांबला. मी हातानेच नट बसवला.

"बस?" तिने विचारलं.

"बस."

मग मी पदर खोचलेल्या, ओल्याचिंब आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर भावाला फोन लावला. स्पीकर चालू केला. "जय भीम ताई, बोल," तो म्हणाला.

"आई कुठे येणार नाही. ती इथेच राहणार, माझ्याजवळ. टाकी असो नसो."

पलीकडे तो काहीतरी बोलायला लागला. आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, चष्मा पुसून स्क्रीनवरचं नाव खरंच त्याचं आहे ना ते वाचलं, आणि मगच ऐकायला लागली.