कबायाखाली बेलबॉटम

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात, गेडेबागे बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग जिथे संपतात, तिथे इमासचं शिलाई मशीन आहे. गाळा म्हणायचं तर चार हात जागा, वर ताडपत्री आणि शेजारी भज्यांची गाडी. वय सहासष्ट. पण कोणी ‘म्हातारे’ म्हणून बघावंच, हातात कात्री असते बाईच्या.

तिचा स्वतःचा पेहराव बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. खाली बेलबॉटम, वर मांडीपर्यंत सैल सदरा. सदऱ्याची कॉलर अशी रुंद आणि टोकदार की खांद्यापर्यंत पोचावी, आणि डोक्याच्या रुमालाची टोकं त्या कॉलरच्या आत नीट खोचलेली. पायात जाड तळव्याचे बूट, पण तळवा मोच्याकडून अर्धा कापून घेतलेला, कारण गुडघे कुरकुरतात. विजारीच्या कमरेला पुढून पट्टा, मागून इलास्टिक. “पुढची बाजू जगासाठी, मागची माझ्या पोटासाठी,” असं ती बिनदिक्कत सांगते.

मधली कित्येक वर्षं तिच्या या कपड्यांना सगळे हसले. आता फॅशन फिरून परत आली आणि तेच लोक रांग लावतात. कॉलेजच्या पोरी ढिगातून जुन्या विजारी उपसून आणतात आणि तिला ‘इबू’, म्हणजे बाई, अशी हाक मारत फोनमधला फोटो नाचवतात.

“इबू, अगदी अस्संच करून द्या ना!”

“अस्संच म्हणजे? फोटोतली बया ताडमाड आहे. तू कुठवर आलीस ते बघ आरशात. गुडघ्यापासून घेर काढला तर तुझ्या आधी विजारच चालायला लागेल. पोटरीखालून काढते. आणि रंग कुठला हा! तुला आवडतो का खरंच?”

“नाही, पण सत्तरच्या काळात हाच...”

“सत्तरच्या काळात मी होते गं, तू नव्हतीस! आवडत नसेल तर टाक तो. दुसऱ्याची हौस अंगावर घालून कशाला हिंडायचं?”

पोरगी हिरमुसते आणि आठवड्याने ती विजार घालून मिरवत परत येते, दोन मैत्रिणी घेऊन. इमासचं गिऱ्हाईक असंच वाढलं.

आता ती या विजारींना एवढी का चिकटली, ते ऐका.

इमास सोळा वर्षांची असताना तिने रुमालांवर भरतकाम करून पैसे जमवले आणि तपकिरी कॉर्डरॉय आणलं. पहिली बेलबॉटम स्वतः बेतली, स्वतः शिवली. वडील वारले होते, घरात थोरला भाऊ ओदिंगचा शब्द चाले. त्याचं वय तरी काय, बावीस! पण रुबाब साठीचा. चहाच्या टपरीवर कोणीतरी त्याला म्हणालं, “बहीण फारच वाऱ्यावर सोडलीस की रे.” झालं. ओदिंग तणतणत घरी आला, आईची कात्री घेतली, इमासला अंगणात उभं केलं आणि तिच्या अंगावर असतानाच विजारीचे दोन्ही घेर गुडघ्याखाली कचाकच कापून टाकले. सगळी गल्ली बघत होती. आई दारात उभी होती, तीही गप्प.

इमास रडली नाही. तिने दोन्ही तुकडे उचलले, धुतले, घडी घालून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. पुढच्या ईदला रिवाजाप्रमाणे ती धाकटी म्हणून थोरल्यापुढे गुडघ्यावर बसली, त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, “वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर, कांग.” कांग म्हणजे दादा. ओदिंगने डोक्यावर हात ठेवला. “केलं माफ.” घ्या! कापलं कोणी आणि माफी मागतंय कोण! अशा पन्नास ईदा झाल्या. पन्नास वेळा ती बसली, पन्नास वेळा त्याने माफ केलं. थोरल्याने धाकट्यापुढे बसायची रीतच नाही, मग बोलणार काय?

इमासने लग्न केलं नाही. का, ते विचारायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. ओदिंगची बायको गेली तेव्हा त्याची मुलगी रेस्ती सहा वर्षांची होती. इमासने तिला वाढवलं. गोवर, परीक्षा, पहिली सायकल, पहिला तुटलेला दात, सगळं इमासच्या वाट्याला. रेस्ती तिला अंबू म्हणते, म्हणजे आई.

त्या रेस्तीचं लग्न ठरलं. आता आमच्याकडे लग्न म्हटलं की घरातल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाचं कापड वाटतात. जिने तिने आपल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचं आणि त्या दिवशी सगळ्यांनी एकसारखं दिसायचं. इमासचं कापड ओदिंग स्वतः घेऊन बाजारात आला. कबायासाठी, म्हणजे वर घालायच्या अंगरख्यासाठी, फिकट जांभळी जाळी आणि खाली लुंगीसारखं गुंडाळायला नक्षीदार बाटिक.

“नीट शिव,” तो म्हणाला. “कबाया आणि खाली घट्ट बाटिक. सगळ्यांसारखं.”

“कबाया शिवते. खाली विजार.”

“डोकं फिरलंय का तुझं? माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचंय तुला, आईच्या जागी! पोरगी पाया पडायला येणार, पाचशे लोक बघणार, आणि तू तिथे विदूषकासारखी?”

“पाचशे काय, पाच हजार बघू देत.”

“मग ऐक. विजार घालून आलीस तर ती खुर्ची तुझी नाही. रेस्तीच्या मावशीला, योयोहला बसवीन. ती गुपचूप बाटिक नेसते.”

आणि तो चालता झाला. भजीवाली कढईतलं भजं उलटायचं विसरून ऐकत होती.

ती खुर्ची काय साधी होती? एकवीस वर्षं जिला भरवलं, ती पोर नवरी होऊन त्याच खुर्चीपुढे गुडघ्यावर बसणार, मांडीवर डोकं टेकणार. त्या एका घटकेसाठी इमास जगत होती म्हणा ना. संध्याकाळी रेस्ती आली ती बापाचं बोलणं ऐकून, डोळे सुजवून.

“अंबू, तू काय नेसायचंस ते मी सांगणार नाही. पण त्या खुर्चीत मला तूच हवीस. मावशी नको.”

“विजार सोडू म्हणतेस?”

“मी तसं म्हटलं का?” असं म्हणून ती मुसमुसायला लागली. मग दोघीही रडल्या, आणि रडून झाल्यावर दोघींनी मिळून भजी खाल्ली.

दोन दिवस ते बाटिक मशीनवर तसंच पडून होतं. नेसावं का? एक दिवसाचा तर प्रश्न. इमासने ते गुंडाळून आरशात पाहिलंसुद्धा. छान दिसत होतं, खोटं कशाला बोला. पण पाऊल टाकलं की पायात पाय. तिला एकदम ते अंगण आठवलं, आणि दारात गप्प उभी असलेली आई. तिने बाटिक सोडलं आणि कात्री लावली.

मांडीपर्यंत अंगासरशी, पोटरीखाली घेर. पण बाटिक रुंदीला कमी पडलं आणि घेर काही मनासारखा सुटेना. दोन्ही बाजूंना कळी, म्हणजे तिकोनी जोड, घालायला हवी होती. इमास उठली आणि बिस्किटाचा डबा काढला.

लग्नाच्या दिवशी ती हॉलमध्ये शिरली तेव्हा बायकांची कुजबुज पंख्यांच्या घरघरीतही ऐकू आली. वर जांभळा कबाया, त्याला तिची ती टोकदार कॉलर, खाली बाटिकची बेलबॉटम, आणि चालताना घेरातून उघडमीट करणारी तपकिरी कॉर्डरॉयची कळी. मंचावर ओदिंगच्या शेजारच्या खुर्चीत योयोह बसली होती. इमास सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“योयोह, ऊठ.”

“अगं, पण कांग ओदिंग म्हणाले...”

“रेस्तीला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं?”

“तू.”

“मग आताही मीच बसते.”

योयोह बिचारी उठली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच झालं. इमास ऐसपैस बसली, पायावर पाय टाकून. पाहुण्यांचं स्वागत आटोपून ओदिंग मंचावर आला आणि जागीच थिजला. ओरडणार कसा? सगळे बघत होते.

“शोभतं का हे?” तो दातांतल्या दातांत म्हणाला.

“मला शोभतं. तू तुझं बघ.”

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. चष्मा खिशात होता. तो वाकला, आणखी वाकला, त्या तपकिरी कळीला बोटं लावून बघितली.

“हे... ते?”

“तेच.”

“टाकलं नाहीस?”

“कापलंस तू. टाकायचं की नाही ते माझ्या हातात होतं.”

बहात्तर वर्षांचा माणूस, एवढा वाकल्यावर व्हायचं तेच झालं. गुडघ्याने दगा दिला आणि ओदिंग धाकट्या बहिणीपुढे चक्क गुडघ्यावर बसला. उठता येईना. माइकवाल्या निवेदकाला वाटलं, विधी सुरू झाला. त्याने बासरीवाल्याला खूण केली आणि आवाजात गहिवर आणला. “पाहा, मंडळी! आज थोरला भाऊ रीत बाजूला ठेवून धाकटीची क्षमा मागतो आहे!” अख्ख्या हॉलने रुमाल काढले. फोटोवाला धावला.

“उठव मला,” ओदिंग कुजबुजला. “लोक बघतायत.”

“तेव्हाही बघत होते.” इमास त्याच्या कानाशी वाकली. हात मात्र तिने पुढे केला नाही. “कांग, आता आलाच आहेस गुडघ्यावर, तर माफी मागून टाक.”

ओदिंगची बोटं अजून त्या कॉर्डरॉयवरच होती. एकदा त्याने वर बघितलं, एकदा पुन्हा खाली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. निवेदकाने नेमका तेव्हाच माइक पुढे केला होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं, स्वयंपाकघरातल्या बायकांनासुद्धा.

इमासने घाई केली नाही. पन्नास ईदा ती बसली होती, त्यालाही बसू दे जरा. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी त्याच्याच चालीत म्हणाली, “केलं माफ.”

दोघा तरण्या पाहुण्यांनी ओदिंगला उचलून खुर्चीत बसवलं. मग रेस्ती आली, इमासपुढे बसली आणि मांडीवर डोकं टेकून अशी रडली की डोळ्यांतलं सगळं काजळ त्या बाटिकवर उतरलं. कोणीतरी मागून ओरडलं, “अगं, कपडे खराब होतायत तिचे!”

“होऊ देत,” इमास म्हणाली. “पूस गं पोरी. विजार माझी आहे.”