पऱ्हाटीचा कोळसा

कापूस वेचून संपला की आमच्या घाटंजीकडे लोक उरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पेटवून देतात. आम्ही नवरा-बायको तिचा कोळसा करायचो. लोखंडी ड्रमात पऱ्हाटी ठासून भरायची, वरून पेटवायची आणि धूर बघत बसायचं. धूर पांढरा आहे तोवर हात लावायचा नाही. तो पातळ, निळसर झाला की लगेच झाकण ठेवून सगळ्या फटी चिखलाने लिंपायच्या. जरा उशीर झाला की आत नुसती राख.

धूर ओळखायचं काम तिचं, चिखलाचं माझं. मला धूर कधी कळलाच नाही, आणि ते मी कधी कबूलही केलं नाही. "झाका न आता, काहून बसून राह्यले?" ती ओरडायची आणि मी मुद्दाम सावकाश उठायचो.

ती गेल्यावर मुलगा नागपूरला चला म्हणून मागे लागला. एकदा फोनवर मी भडकलो. "एक ड्रम एकट्यानं काढून दाखवतो. राख झाली त येतो तुह्याकडे. नाही त हा विषय बंद!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी ड्रम पेटवला. आजूबाजूची शेतं मोकळी, बोलायला चिटपाखरू नाही. धूर निळा झालासा वाटायचा, की पुन्हा पांढराच दिसायचा. दोनदा मी मागे वळून विचारलं, "झाकू का?" विचारून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. शेवटी वैतागून झाकण आदळलं आणि चिखल थापला.

रात्रभरात ड्रम गार झाला. सकाळी उघडला, तर काड्या जशाच्या तशा, काळ्याभोर. एक दुसरीवर आपटली तर खणकन वाजली. इतका चांगला कोळसा आमच्या दोघांच्या हातूनही क्वचितच निघाला असेल.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राख व्हावी असंच मला आतून वाटत होतं, हे तेव्हा कळलं. आता त्या घरात रोज एकट्याने जेवायचं, आणि तेही माझ्याच शब्दाखातर.

तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"काय झालं, बाबा? निघाला का कोळसा?"

मी काळी बोटं पायजम्याला पुसली.

"राख झाली रे," मी म्हणालो. "मले न्याले कधी येतं?"